खटला चालू असताना पगार कोणाला?
निवडणुकीला आव्हान दिले म्हणून खासदाराचा पगार थांबत नाही. निकाल लागेपर्यंत तो खासदारच असतो. पेच येतो निवड रद्द झाल्यावर, अपील चालू असताना. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधींची रायबरेलीतली निवड रद्द केली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली : लोकसभेच्या हजेरीपटावर सही करता येईल, पण खासदार म्हणून मतदान करू नये आणि मानधनही घेऊ नये. पंतप्रधानपदाचा पगार मात्र चालू राहील. ही विभागणी मला न्याय्य वाटते. वाद जागेचा होता आणि संविधान सदस्य नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहू देते. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निवड वैध ठरवली.