चौथा गडी

एकट्याने खेळलेल्या गोल्फच्या फेरीचा स्कोअर हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे त्याला मिळणाऱ्या माफ फटक्यांसाठी, धरला जात नाही. सोबत निदान एक माणूस हवाच, असा जागतिक हँडिकॅप पद्धतीचा नियम आहे. लांबून पाहणाऱ्याला हा खेळ एकलकोंडा वाटतो, पण कार्डावर सही करायला दुसरं माणूस लागतं. त्याला मार्कर म्हणतात. हा मार्कर मिळत नाही म्हणून कितीतरी हौशी मंडळी ड्रायव्हिंग रेंजवरच चेंडू मारत राहतात, कोर्सवर पाऊल टाकत नाहीत. अनोळखी गोल्फरांची गाठ घालून देणारं अ‍ॅप हा म्हणूनच खरा चालणारा धंदा आहे, असं मला अनेक वर्षं वाटत आलं आहे.

इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. एडिंबराजवळच्या लीथला १७४४ साली तेरा नियम लिहिले गेले. सेंट अँड्र्यूजला १७६४ साली फेरी अठरा होलची झाली. १८२९ साली कलकत्त्यात क्लब निघाला. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब १९२७ चा. आता हँडिकॅपकडे येतो, कारण सगळी गंमत तिथे आहे.

बुद्धिबळात कच्चा खेळाडू पक्क्यासमोर बसला की डाव दहा मिनिटांत आटोपतो, बॅडमिंटनमध्येही तेच. गोल्फमध्ये मात्र नवशिका आणि मुरलेला खेळाडू अठराव्या होलपर्यंत बरोबरीने झुंजू शकतात, तेही कोणी कोणावर दया न करता. २०२० पासून अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडची आर अँड ए यांनी जगभरासाठी एकच पद्धत लागू केली. शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ घ्यायच्या आणि त्यांच्या सरासरीवरून खेळाडूचा हँडिकॅप इंडेक्स काढायचा. कमाल ५४. भारतात हे काम इंडियन गोल्फ युनियन पाहते.

इंडेक्स खेळाडूचा, तसा प्रत्येक कोर्सलाही आकडा असतो. त्याला स्लोप म्हणतात. तो ५५ ते १५५ मध्ये असतो, मधला प्रमाण आकडा ११३. साधारण खेळाडूला हा कोर्स निष्णात खेळाडूच्या तुलनेत किती जास्त छळतो, हे तो सांगतो. एक उदाहरण करून पाहू. कोर्सचा स्लोप १३०, पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२ आणि कोर्स रेटिंग, म्हणजे निष्णात खेळाडूला लागणारे फटके, ७१.२. सुलूताईंचा इंडेक्स २८, विनयरावांचा १२. इंडेक्सला १३० ने गुणायचं, ११३ ने भागायचं आणि रेटिंग व पारमधला फरक, म्हणजे इथे ०.८, वजा करायचा. सुलूताईंना मिळतात ३१ माफ फटके, विनयरावांना १३. फरक बरोबर १८. म्हणजे मॅच खेळताना प्रत्येक होलवर सुलूताईंना एक फटका माफ. विनयरावांनी चारात होल संपवला आणि ताईंनी पाचात, तर तो होल बरोबरीत सुटला. दोघांची या आधी भेटसुद्धा झालेली नसली तरी पहिल्या टीवर उभं राहिल्या राहिल्या सामना जुळतो.

याला जोड मिळाली डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांच्या गुणपद्धतीची. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबात १९३२ साली तिची स्पर्धा झाली आणि ती जगभर पसरली. माफ फटके वजा करून पार जमला तर दोन गुण, एक फटका जास्त झाला तर एक, एक कमी लागला तर तीन. दोन किंवा अधिक फटके जास्त झाले तर शून्य, आणि शून्य ठरल्यावर चेंडू उचलून खिशात टाकायचा. वाळूच्या खड्ड्यात सहा फटके मारून घामाघूम होण्याची गरज नाही. नवख्या माणसाची लाज राहते, मागच्यांचा वेळ वाचतो. अनोळखी लोकांच्या फेरीला यापेक्षा चांगली पद्धत मला माहीत नाही, आणि अ‍ॅपवर जुळलेली प्रत्येक फेरी स्टेबलफर्डनेच खेळवावी असा माझा आग्रह राहील.

अनोळखी माणसांची अशी जुळणी प्रत्यक्षात कशी होते ते सेंट अँड्र्यूजला दिसतं. तिथला ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे, ट्रस्ट तो चालवतो. खेळण्याच्या वेळा दोन दिवस आधी सोडतीने वाटतात, पण त्या सोडतीत निदान दोघांनी मिळून नाव द्यावं लागतं. एकटा आलेला माणूस पूर्वी रात्रीच येऊन रांगेत बसे. मी गेलो तेव्हा तीच पद्धत होती. अंधारात लोक झोपपिशव्या आणि थर्मास घेऊन बसलेले, समुद्रावरून बोचरा वारा. उजाडल्यावर गटांना खेळायला सोडणाऱ्या स्टार्टरने मला तिघांच्या गटात घातलं. त्यांच्यातल्या ज्येष्ठाने हात मिळवता मिळवता विचारलं, हँडिकॅप किती? नाव, गाव, पेशा सगळं नंतर. तिसऱ्या होलपर्यंत तो मला वाऱ्यात चेंडू खाली कसा ठेवायचा ते दाखवत होता. २०२४ पासून ही रांग गेली. आता एकट्याने आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जाऊन नाव नोंदवायचं, मग सोडत निघते आणि जिथे दोघे-तिघेच आहेत अशा गटात त्याला जागा मिळते. हँडिकॅपची मर्यादा ३६, प्रमाणपत्र दाखवावं लागतं. माझ्या मनातलं अ‍ॅप जे करेल ते इथे होतंच आहे.

जपानने हेच फोनवर आणलं. तिथे गट शक्यतो चौघांचा, आणि राकुतेन गोरासारख्या आरक्षण सेवांवर 'एकट्याचं बुकिंग' हा वेगळा विभाग आहे. अमेरिकेत नगरपालिकेच्या कोर्सवर स्टार्टरच हे जमवतो. माझा भाचा सॅन होजेला राहतो, तो सांगतो, "मामा, इथे एकटा गेलो तरी एकटा खेळलो असं क्वचितच होतं."

आता धंद्याकडे वळतो. असं अ‍ॅप काढणारा बहुतेक वेळा सारख्या हँडिकॅपची माणसं जुळवायला निघतो. माझ्या मते तिथेच गाडी रुळावरून घसरते. माणसं असमान असतात म्हणून तर हँडिकॅप आहे! जुळवायची ती चाल. कोण किती वेगाने खेळतो, हे महत्त्वाचं. नियमांची शिफारस फटक्याला ४० सेकंदांची आहे, हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटं. चार-साडेचार तास ज्याच्यासोबत काढायचे तो प्रत्येक फटक्याआधी पाच-पाच वेळा हवेत काठी फिरवत असेल, तर त्याचा हँडिकॅप कितीही चांगला असो, पुन्हा कोणी त्याच्यासोबत जाणार नाही. म्हणून फेरी संपल्यावर अ‍ॅपने एवढंच विचारावं: वेळेवर आले का, वेगाने खेळले का, स्कोअर खरा लिहिला का. स्त्रियांना गटात आणखी कोण आहे ते आधी दिसावं आणि नको असेल तर नकार देता यावा, हेही पहिल्याच दिवसापासून हवं.

दुसरी चूक विस्ताराची. समजा एका शहरात हजार जणांनी नोंदणी केली. कोर्स चार, दिवस सात, दिवसाच्या वेळा तीन. म्हणजे ८४ कप्पे. आठवड्याला दहातला एक जण खेळतो असं धरलं, तर एका कप्प्यात जेमतेम एकच माणूस येतो. अ‍ॅप उघडावं तर तिथे कोणीच नाही. उलट एकच कोर्स आणि फक्त शनिवार-रविवार सकाळ ठेवली, तर शंभर जणांतही दर सकाळी पाच माणसं मिळतात. फोरबॉल, म्हणजे चौघांचा गट, जमला!

पैसे खेळाडूकडून मागू नयेत. तिघांच्या गटातली चौथी जागा म्हणजे एसटीतली रिकामी सीट. गाडी सुटली की तिची किंमत शून्य. ती भरली तर कोर्सला ग्रीन फी मिळते, कॅडीला काम मिळतं. त्या वाढीव फीतला हिस्सा कोर्सने अ‍ॅपला द्यावा.

आपल्याकडे अडचण आहे ती बहुतेक कोर्स सदस्यांच्या क्लबांचे असण्याची. सदस्याच्या ओळखीशिवाय बाहेरचा आत जात नाही. अपवाद आहेत, खारघरचा सिडकोचा कोर्स शुल्क भरून खेळता येतो. टेकड्यांच्या कुशीतल्या त्या कोर्सवर मी एकटा आलेल्या, बॅग खांद्यावर घेऊन कोणी जोडीला मिळतंय का हे पाहत घुटमळणाऱ्या तरुणांना पाहिलं आहे. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी, पुण्याचा उदयन माने यांनी ऑलिंपिकपर्यंत मजल मारली. त्यांना पाहून काठी हाती धरणारे अनेक आहेत. त्यांना गुणवत्तेइतकीच सोबतही हवी.

अ‍ॅप लिहायला पैसा आणि प्रोग्रामर लागतील, पण सुरुवात त्याशिवायही होऊ शकते. एखाद्या कोर्सने शनिवार सकाळच्या दोन वेळा एकट्या येणाऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. स्टार्टरच्या हाती एक वही द्यावी, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नावं घ्यावीत, हँडिकॅप पाहून माफ फटके ठरवावेत आणि स्टेबलफर्ड खेळवावं. तीन महिने वहीत नावं भरत राहिली, तर अ‍ॅप काढणाऱ्याला आणखी कुठल्या पाहणीची गरज नाही. वही कोरी राहिली, तर लाखो रुपये वाचले. मी तरी पहिल्याच शनिवारी नाव देईन.