पडद्यावर काय दिसेल, तेही लिहा

डेबियन लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘सुडो’ने सुरू होणारी, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालणारी, आज्ञा दिली की संगणक पासवर्ड विचारतो. आपण टाइप करू लागतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. अक्षर नाही, ठिपका नाही. नवखा माणूस इथेच थांबतो, कीबोर्ड बिघडला असं त्याला वाटतं. खरं तर मागे उभ्या असलेल्या माणसाला पासवर्डची लांबीसुद्धा कळू नये, म्हणून केलेली ही सोय आहे. मी शाळांतल्या शिक्षकांसाठी मराठीत लिनक्सचे पाठ लिहिते. या जागी मी स्पष्ट लिहिते: काहीही दिसणार नाही, तरी टाइप करा आणि एंटर दाबा. लिनक्स मिंटवर मात्र चांदण्या दिसतात. म्हणून पाठ कोणत्या लिनक्ससाठी आहे आणि त्याची आवृत्ती कोणती, हे अगदी वर लिहायलाच हवं.

लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर घडलं, त्या युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका १९७१ची. त्याच परंपरेतली ‘मॅन’ पानं, म्हणजे आज्ञांची माहिती देणारी पानं, आजही बहुतेक लिनक्सबरोबर येतात. अत्यंत नेमकी, पण जाणकाराला आठवण करून देणारी. नवशिक्याला लागतं ते निराळंच. फाइलची प्रत करण्याची आज्ञा यशस्वी झाली, तर संगणक एक शब्दही बोलत नाही. बिघडलं तरच बोलायचं, ही युनिक्सची जुनी रीत. ती सांगितली नाही तर माणूस तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत बसतो. आज्ञेच्या आधी छापलेलं डॉलरचं चिन्ह टाइप करायचं नसतं, हेही कुणी सांगत नाही. आणि वर्ड प्रोसेसर आज्ञेतल्या दोन छोट्या रेघांची परस्पर एक लांब रेघ करून टाकतो. छापलेली आज्ञा मग चालतच नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘एफएसटॅब’ फाइलची. संगणक सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची, ते या फाइलीत लिहिलेलं असतं. दुसरी डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून तिच्यात एक ओळ वाढवायची, एवढंच काम. पण त्या ओळीत डिस्कचा ओळखक्रमांक चुकला, तर संगणक त्या डिस्कची वाट बघतो आणि शेवटी आणीबाणीच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबतो. म्हणून पाठात आधी मूळ फाइलची प्रत, मग नवी ओळ, तिच्यात ‘नोफेल’ हा पर्याय, म्हणजे डिस्क सापडली नाही तरी संगणक सुरू होईल. त्यानंतर ‘माउंट’ आज्ञेने तिथल्या तिथे तपासणी. रीस्टार्ट सगळ्यात शेवटी. हा क्रम मी कधीच मोडत नाही.

लिहिणाऱ्याला स्वतःच्या पाठातल्या गाळलेल्या जागा दिसत नाहीत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात पाठाची संहिता विषयाच्या जाणकाराबरोबर नवख्या माणसाकडूनही तपासून घेतात. हे मला फार मोलाचं वाटतं. मीही पाठ आधी एखाद्या शिक्षिकेच्या हाती देते आणि शेजारी गप्प बसते. त्या जिथे मान वर करून माझ्याकडे बघतात, तिथे एक वाक्य वाढतं.

‘एफएसटॅब’च्या पाठाचं शेवटचं पान मी नेहमी कागदावर छापून देते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून जुनी प्रत परत जागेवर कशी ठेवायची, ते त्यावर असतं. संगणकच सुरू होत नसेल, तर त्यातला पाठ वाचणार कसा?