पॉटलॅच

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियाच्या खाड्यांत आणि बेटांवर परंपरेने नांदत आलेल्या आदिवासी समाजांशी ‘पॉटलॅच’ हा शब्द निगडित आहे. नूचानुल्थ भाषेतील ‘देणे’ या अर्थाच्या शब्दापासून तो निघाला आणि भिन्नभाषी लोक व्यापारासाठी चिनूक नावाची जी मिश्रबोली वापरीत, तिच्यातून किनारपट्टीवर सर्वत्र पसरला. कोशकाराने त्याचा अर्थ ‘दानोत्सव’ असा दिला, तर तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु मर्म निसटेल.

घरात विवाह झाला, कोणी कर्ता माणूस निवर्तला, वारसास पूर्वजाचे नाव द्यावयाचे असले किंवा कोरीव स्तंभ उभारावयाचा असला, म्हणजे यजमान दूरदूरच्या कुळांना पाचारण करी, आपल्या घराण्याची गीते, नृत्ये आणि मुखवटे त्यांच्यासमोर मांडी, आणि अखेरीस प्रत्येकास त्याच्या दर्जानुसार घोंगड्या, होड्या, माशाचे तेल अशा वस्तू देई. देणगी घेणारा साक्षीदार होई; अमुक नाव व अमुक अधिकार अमक्याचा, हे पुढे तंटा उपस्थित झाल्यास सांगणे त्याच्यावर बंधनकारक असे. लेखी दप्तर नसलेल्या त्या समाजात आपल्याकडील गोतसभेच्या महजराचे कार्य ही सभा करीत असे. इतरत्र संचयाने प्रतिष्ठा वाढते, येथे ती देण्याने वाढे, आणि घेणाऱ्यावरही परतफेडीचे ऋण राही.

सरकारला मात्र यात निव्वळ उधळपट्टी दिसली. मिशनऱ्यांच्या आणि अंमलदारांच्या आग्रहावरून १८८४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पॉटलॅच हा कैदेस पात्र असा गुन्हा ठरला. तरीही समारंभ आडबाजूला होतच राहिले. डिसेंबर १९२१ मध्ये व्हिलेज आयलंडवर डॅन क्रॅनमर यांनी होड्या, शिवणयंत्रे, ग्रामोफोन आणि पिठाची पोती मुक्तहस्ताने वाटली, तेव्हा ४५ जणांवर खटले भरले गेले. मुखवटे आणि तांब्याचे मानाचे पत्रे सरकारच्या हवाली केल्यास शिक्षा तहकूब होईल, अशी अट घातली गेली. म्हणजे ज्या वस्तूंवर घराण्याचा हक्क शाबीत व्हावयाचा, त्याच स्वहस्ते सोडून द्यावयाच्या! याहून क्रूर तडजोड कल्पिणे कठीण आहे. तो सारा ऐवज ओटावा व टोरांटो येथील संग्रहालयांत गेला, काही भाग न्यूयॉर्कच्या एका संग्राहकास विकला गेला.

इकडे मार्सेल मॉस या फ्रेंच पंडिताच्या १९२५ च्या निबंधाने हा शब्द जगभरच्या विद्वानांत रूढ केला, आणि पुढे चढाओढीने केलेल्या कोणत्याही संपत्तिव्ययास तो लावला जाऊ लागला. या ढिल्या वापरात साक्षीचा अर्थ लोपला, हे मला विशेष खटकते. अलास्कात मात्र मृतांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मेजवानीस आजही पॉटलॅचच म्हणतात.

१९५१ साली बंदीचे कलम कायद्यातून गळाले. जप्त वस्तूंपैकी बऱ्याच परत आल्या, आणि त्यांच्यासाठी १९८० साली अलर्ट बे येथे संग्रहालय उघडले. त्याचे नाव ‘उमिस्ता’, म्हणजे शत्रूने धरून नेलेल्या माणसाचे घरी परतणे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील एक मुखवटा तेथे २००५ साली पोचला खरा, पण उसनवार म्हणून. मालकी लंडनकडेच राहिली.