यादी एक, संगणक अनेक

आमच्या नेऱ्यात लग्न निघाले की वाण्याकडे एकच यादी जाते. पोत्यागणिक कोणी पुन्हा विचारीत बसत नाही. २० संगणकांवर लिनक्स बसवायचे तर हीच सोय आहे, हे कलाशाखेतील माझ्या मित्रांना कदाचित ठाऊक नसेल.

रेड हॅटच्या पद्धतीला ‘किकस्टार्ट’ म्हणतात. एका संगणकावर लिनक्स हाताने बसवले की इन्स्टॉलर आपण दिलेली उत्तरे एका साध्या फायलीत लिहून ठेवतो. ती फाईल दुसऱ्या संगणकाला दिली की तो प्रश्न विचारीतच नाही. खरी गंमत त्यातल्या ‘पॅकेजेस’ या भागात आहे. हव्या त्या पॅकेजचे नाव लिहावे, नको त्याच्या आधी उणे चिन्ह द्यावे. मराठी विभागासाठी मी लिब्रेऑफिस आणि लोहित देवनागरी हा टंक घेईन, खेळ मात्र वगळीन (मित्र रागावोत!). डेबियनमध्ये हेच काम ‘प्रीसीड’ करते. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे.

विचारीत नाही, हीच यंत्राची भीतीही. ‘क्लिअरपार्ट’ ही डिस्कवरचे विभाग पुसणारी ओळ फायलीत असेल आणि त्याच संगणकात एखाद्या प्राध्यापकांचा प्रबंध असेल, तर तोही मुकाट्याने जातो. त्यामुळे पहिला प्रयोग रिकाम्या संगणकावर करावा आणि ती ओळ दोघांनी वाचावी.