विहीर आणि चित्रपटगृह एकाच कलमात

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंग गावात बाबासाहेबांच्या भेटीची आठवण सांगणारी विहीर आहे. पाण्याचा हक्क म्हणजे काय, हे या गावाला वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु ज्या कलमात सार्वजनिक विहीर आहे, त्याच कलमात करमणुकीची ठिकाणेही आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. राज्यघटनेचे कलम १५ (२) काढून वाचा. दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा आधी, सरकारी पैशावरच्या विहिरी, तलाव, रस्ते लगेच नंतर. कुठेही जातीवरून मज्जाव नाही. माणसाला जगायला पाणी लागते, तसे माणूस म्हणून उभे राहायला कलाही लागते.

आमच्या भागातला एक विद्यार्थी पुण्यात चित्रपटाचे शिक्षण घेतो. तो एका महोत्सवाला जाऊन आला. परक्या देशांचे, परक्या भाषांचे चित्रपट त्याने आठवडाभर पाहिले आणि त्यांत त्याला आपल्या वस्तीसारखी वस्ती, आपल्या आईसारखी आई भेटली. राहायची सोय नव्हती, मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपला, एक वेळ वडापाव खाऊन भागवले. हे सारे त्याने हसत सांगितले. अडखळला तो दुसऱ्याच गोष्टीपाशी. खेड्यावरचा एक चित्रपट संपला, चर्चा सुरू झाली, तीही इंग्रजीत. छायाचित्रण झाले, निसर्ग झाला. मेलेले जनावर ओढून नेणारा तो माणूस कोण, त्याला चित्रपटात नाव का नाही, हे कुणीच विचारले नाही. याला विचारायचे होते. पण मराठीत बोललो तर लोक हसतील, या धास्तीने त्याचा हात वर गेला नाही.

दारात त्याला कुणी अडवले नव्हते. कायद्याच्या अक्षराचा भंग झालेला नाही. मात्र पैसा आणि भाषा या दोन पहारेकऱ्यांनी जातीचे जुने काम बिनबोभाट केले.

यावर ठरलेले उत्तर येते : गुणवत्ता असेल तर माणूस पुढे येतोच, नागराज मंजुळे आले नाहीत का? आले. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा मुलगा. नगरला शिकत असताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये ‘फँड्री’ मुंबईच्या महोत्सवात गाजला, २०१६ मध्ये ‘सैराट’ बर्लिनला पोहोचला. ‘फँड्री’च्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांवर येतो. जो प्रश्न सभागृहात विचारला जात नव्हता, तो पडद्यावरून विचारला गेला. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये, बाबासाहेब जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात, दलित चित्रपट व सांस्कृतिक महोत्सव भरला आणि तिथेही ‘फँड्री’ दाखवला गेला. पण एका माणसाने भिंत ओलांडली म्हणजे भिंत पडली, असे होत नाही. उलट एक जण आत गेल्यावर पडद्यावर एवढे बदलले, तर शंभर गेल्यावर काय होईल, याचा विचार करा.

१९५२ साली मुंबईत सुरू झालेला आणि २००४ पासून गोव्यात भरणारा इफ्फी केंद्र सरकारचा आहे. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात महाराष्ट्र शासनाचा सहभाग आहे. हा जनतेचा पैसा आहे. म्हणून आमच्या मुलांचा प्रवेश ही मेहेरबानी नाही. कलम १५ (४) आणि कलम ४६ नुसार सरकारला खास तरतूद करता येते. चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांचा महोत्सवाचा प्रवास व निवास खर्च शिष्यवृत्तीतून मिळाला पाहिजे. महाराष्ट्रातल्या महोत्सवात चर्चेला मराठीत प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि ते उत्तर मराठीत मिळाले पाहिजे.

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या जयंतीच्या हिशेबाची वहीही उघडावी. डीजेवर एका रात्रीत जेवढे उडते, त्यातून दोन-चार मुलांची महोत्सवाची वारी सहज होईल. प्रोजेक्टर भाड्याने आणून समाजमंदिरात महिन्याला एक चांगला चित्रपट दाखवता येईल आणि त्यावर आपल्या भाषेत, मराठीत असो की सीमेवरच्या कानडीत, चर्चा घडवता येईल. प्रश्न विचारायची सवय ज्या मुलीला वस्तीतल्या समाजमंदिरात लागेल, तिचा हात पणजीच्या सभागृहातही खाली राहणार नाही.