जुन्या गाडीची अॅलॉय व्हील्स रंगवताय? आधी चाक नीट तपासा!

दसरा जवळ आला की म्हैसुरात गाड्या धुण्याची एकच धांदल उडते. महाराष्ट्रात बहुतेक घरी वाहनांची पूजा दसऱ्याला होते. इथे ती आदल्या दिवशी, नवमीला, आयुध पूजेत होते. राजवाड्यात शस्त्रांसोबत राजघराण्याची वाहनंही पूजली जातात आणि गल्लीबोळातल्या स्कूटरपासून ट्रकपर्यंत प्रत्येक गाडीला झेंडूचा हार मिळतो. मग चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात. नेमकी तेव्हाच सगळ्यांची नजर चाकांवर जाते. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीची बॉडी पॉलिश करून चमकते, पण अॅलॉय व्हील्सवर फुटपाथला घासल्याचे ओरखडे, पांढरट डाग आणि सुटलेले पापुद्रे तसेच दिसतात.

चांगली बातमी अशी, की ही चाकं पुन्हा नव्यासारखी दिसू शकतात. पण रंग चाक सुंदर करतो, मजबूत नाही. म्हणून आधी तपासणी, मग रंग.

चाकं खराब का होतात?

अॅलॉय व्हील म्हणजे अॅल्युमिनियममध्ये थोडं सिलिकॉन आणि मॅग्नेशियम मिसळून ओतलेलं चाक. त्याच्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. खडा उडून किंवा फुटपाथला घासून हा थर एकदा फुटला, की पाणी आत शिरतं. धातूवर पांढरी भुकटी धरते आणि ती आजूबाजूचा रंगही उचलत जाते. ब्रेकची गरम काळी धूळ रोज त्यात भर घालते. कडक अॅसिडने चाकं धुतली, तर उघडा धातू आणखी खराब होतो.

आधी आतली बाजू बघा

आपण चाक बाहेरून बघतो. खड्ड्याचा मार मात्र बऱ्याचदा आतल्या कडेला बसतो आणि तडाही तिथेच जातो. म्हणून चाक काढून आतून-बाहेरून स्वच्छ धुवा आणि टॉर्चच्या उजेडात हळूहळू फिरवून बघा. केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यात नख अडकलं, तर तो तडा असू शकतो. टायरची हवा सारखी कमी होत असेल, तर कडेला साबणाचं पाणी लावा; बुडबुडे आले तर हवा तिथूनच जाते आहे. ठराविक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर चाक वाकलेलं असण्याची शक्यता आहे.

अशा चाकावर लांबी भरून रंग मारणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! तडा झाकला जातो, पण भरधाव वेगात चाक तिथेच फुटू शकतं. तडा गेलेलं चाक बदलणंच शहाणपणाचं. जुनी चाकं विकत घेतानाही हे लक्षात ठेवा. रंग अगदी ताजा असेल, तर आतली बाजू दोनदा बघा.

रंग टिकतो तो तयारीमुळे

रंगाचा विषय निघाला की म्हैसूरची एक गोष्ट सांगायलाच हवी. मतदानाच्या वेळी बोटाला लागणारी शाई इथल्याच म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निश या सरकारी कारखान्यात बनते. कारखाना १९३७ सालचा आणि १९६२च्या निवडणुकीपासून ही शाई देशभर वापरली जाते. त्या शाईतलं सिल्व्हर नायट्रेट त्वचेशीच जुळतं, म्हणून ती धुऊन जात नाही. चाकाचा रंग मात्र धातूत मुरत नाही, तो फक्त वर धरून बसतो. पकड मिळाली तरच तो टिकतो. ती पकड अशी तयार करा:

* शक्य असेल तर टायरवाल्याकडून टायर उतरवून घ्या. नाहीतर टायर आणि रिमच्या फटीत जुने पत्ते खोचत गोल करा आणि टायर झाका.
* साबणाने धुतल्यावर थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पूर्ण काढा.
* सुटलेला रंग आणि पांढरी भुकटी १२० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मग ३२०, ४०० असं बारीक करत जा.
* लांबी फक्त वरवरच्या ओरखड्यांपुरती भरा.
* अॅल्युमिनियमवर धरणाराच प्रायमर घ्या. सुकल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने हलकेच घासा.
* रंगाचे दोन-तीन पातळ हात मारा. दोन हातांमध्ये साधारण १० ते १५ मिनिटं जाऊ द्या. शेवटी क्लिअर कोट मारा.

दोन जागा रंगापासून वाचवा: नट बसतात ते खळगे आणि चाक हबला टेकतं तो सपाट भाग. तिथे रंगाचा जाड थर राहिला, तर तो दाबाने बसतो आणि नट सैल पडू शकतात. आधीच मास्किंग टेप लावा.

घरी की दुकानात?

साध्या सिल्व्हर किंवा काळ्या रंगाचं काम घरी जमतं. मात्र ते मोकळ्या हवेत, मास्क लावून आणि मुलांना लांब ठेवूनच करा. हार्डनर मिसळायच्या क्लिअर कोटची वाफ फुप्फुसांना घातक असते. ते काम स्प्रे बूथ असलेल्या पेंटरवरच सोपवा.

पावडर कोटिंग जास्त टिकाऊ असतं, पण त्यासाठी चाक साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत तापवावं लागतं. उष्णता प्रमाणाबाहेर गेली तर धातूची ताकद कमी होते, म्हणून अनुभवी दुकान निवडा. चकचकीत डायमंड कट चाकं लेथवर घासावी लागतात. दर वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे हे काम पुन्हा पुन्हा करता येत नाही.

मुहूर्त कसा साधाल?

दमट हवेत ताज्या रंगावर पांढुरकी झाक येते. दसऱ्याच्या सुमारास म्हैसुरात पावसाची सर कधीही येते. त्यामुळे आयुध पूजेच्या आदल्या रात्री रंगाचा डबा उघडू नका. निदान दोन आठवडे आधी, कोरडा दिवस बघून काम उरका. रंग हाताला सुका लागला तरी पूर्ण कडक व्हायला आठवडाभर लागू शकतो. तोवर प्रेशरने धुणं आणि हळद-कुंकवाची बोटं दोन्ही टाळा.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका, खाली स्टँड लावा. चाकं परत बसवल्यावर नट आळीपाळीने, समोरासमोर आवळा, बॅलन्सिंग करून घ्या आणि ५० ते १०० किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासा. आयुध पूजेच्या दिवशी लिंबू चाकाखाली ठेवाल, तेव्हा ते चाक आतूनही धड असल्याची तुम्हाला खात्री असेल.