मातीचा गणपती घडवताना मनात काय घडतं?

2019 च्या ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापुरात पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फुटांची. शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प इथं पाणी शिरलं तेव्हा गणेश चतुर्थी महिन्याभरावर आली होती आणि मूर्तींचं काम ऐन भरात होतं. शाडूची मूर्ती भाजलेली नसते. वाळून कितीही कडक झाली तरी पाण्यात बसली की तिचा पुन्हा चिखल होतो. पूर ओसरला तेव्हा हाताशी जेमतेम अडीच-तीन आठवडे होते. 2 सप्टेंबरला कोल्हापुरात घरोघरी गणपती बसले.

अशा वेळी ‘श्रद्धेनं माणसं सावरली’ असं आपण सहज म्हणतो. कुंभारांच्या बाबतीत मी ते जपून म्हणेन. ज्याचं वर्षाचं भांडवल पुरात गेलं, त्याला आधी कर्ज, माती आणि कोरडी जागा लागते. मूर्ती पुन्हा उभी करणं ही त्याची रोजीरोटी आहे, त्याला उपचार म्हणणं बरं दिसत नाही. पण जी माणसं पोटासाठी नाही, तर भावनेपोटी घरचा गणपती स्वतः करतात, नवरात्रातल्या अष्टमीला अंबाबाईच्या नगरप्रदक्षिणेच्या वाटेवर रात्री उशिरापर्यंत रांगोळी घालतात, त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर पणत्यांची नक्षी मांडतात, त्यांच्यातले कितीतरी जण सांगतात की त्या तासांत मनावरचं ओझं उतरतं. असं वाटण्यामागे शरीरात आणि मेंदूत मोजता येण्यासारखं काही घडतं का? घडतं, असं म्हणण्याइतके पुरावे आता आहेत. मात्र त्यांनी दाखवलेलं कारण आपण धरून चालतो त्यापेक्षा वेगळं आहे.

आपली समजूत अशी, की आतलं दुःख चित्रात उतरवलं की मन मोकळं होतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर ड्रेक आणि एलन विनर यांनी ही समजूत तपासून पाहिली. लोकांना आधी मन उदास करणारं काही दाखवलं किंवा आठवायला लावलं. मग काहींना तीच उदासी कागदावर काढायला सांगितली, तर काहींना तिच्याशी संबंध नसलेलं दुसरंच काही. मनःस्थिती जास्त सुधारली ती दुसऱ्या गटाची. लहान मुलांवरच्या प्रयोगांतही कल तोच दिसला. हा परिणाम तेवढ्या वेळापुरता आहे, हे लक्षात ठेवायला हवं. दुःखाबद्दल चार दिवस सलग लिहून काढल्याचा फायदा पुढे काही महिन्यांनी दिसतो, असं जेम्स पेनबेकर यांचं 1986 पासूनचं काम सांगतं, आणि तेही खोटं नाही. पण ज्या घटकेला जीव घाबरा झालेला असतो, त्या घटकेला दुःख उकरण्यापेक्षा हात दुसऱ्या कशात तरी गुंतवणं अधिक उपयोगी पडतं.

आता प्रश्न येतो, गुंतवायचा तर कशात? इथं 2005 सालचा, नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांचा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. 84 विद्यार्थ्यांना आयुष्यातला सर्वांत भीतीचा प्रसंग आठवून लिहायला लावला. नंतर काहींना रंगवायला मंडलाची वर्तुळाकार नक्षी दिली, काहींना आडव्या-उभ्या चौकड्यांची नक्षी दिली आणि उरलेल्यांना कोरा कागद देऊन ‘हवं ते काढा’ म्हटलं. कोऱ्या कागदाच्या मानानं दोन्ही नक्ष्यांनी अस्वस्थता अधिक कमी केली. स्वातंत्र्य जास्त म्हणजे आराम जास्त, हा हिशेब चुकला. घाबरलेल्या मनाला कोरा कागद म्हणजे आणखी एक निर्णय, आणखी एक जबाबदारी वाटत असावी. नक्षी आधीच ठरलेली असली की तेवढा भार हलका होतो आणि तरीही हाताला पुरेसं काम राहतं.

श्रद्धेतून येणाऱ्या कलेत हे ठरलेपण पहिल्यापासून असतं. गणपतीला सोंड असणार, एक दात अर्धा असणार, हातात पाश, अंकुश आणि मोदक असणार. ठिपक्यांच्या रांगोळीत किती ठिपके, किती ओळी हे आजीनं सांगितलेलं असतं. नवरात्रात अंबाबाईची रोज वेगळ्या रूपात अलंकार पूजा बांधली जाते, पण त्या प्रत्येक रूपाचे आयुधं, वाहन, आसन यांचे संकेत पक्के असतात. बांधणारा श्रीपूजक कौशल्य दाखवतो ते त्या चौकटीच्या आत. आधुनिक कलेच्या नजरेला ही चौकट बेडी वाटते. अस्वस्थ माणसाला तिच्यात निर्णयांपासून सुटका मिळते. मनाच्या आरोग्याच्या दृष्टीनं श्रद्धाकलेची खरी ताकद मला इथंच दिसते.

दुसरं कारण मातीत आहे. तळहात आणि बोटं मिळून एका हाताच्या त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे 17 हजार मज्जातंतू पोचतात, असा अंदाज स्वीडनच्या रोलांड योहान्सन आणि ओके वाल्बो यांनी 1979 मध्ये मांडला. ओलसर शाडूवर अंगठा फिरतो तेव्हा दाब, घसरण अशी माहिती या वाटेनं मेंदूकडे अखंड जात असते आणि डोळे त्याच वेळी आकार तपासत असतात. भयंकर प्रसंगाच्या आठवणी बहुधा शब्दांत येत नाहीत, चित्रांत येतात: दारातून आत येणारं पाणी, छपरावरची रात्र. मेंदूत चालू घडीचं दृश्य आणि जागा यांचं काम करणारी यंत्रणा एखाद्या लहान पाटीसारखी आहे, तिच्यावर एका वेळी थोडंच मावतं. 2006 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी काही लोकांना अपघातांची भीषण दृश्यं असलेली फिल्म दाखवली आणि त्याच वेळी हातांनी प्लॅस्टिसिन या मातीसारख्या मऊ पदार्थाचे ठोकळे नि पिरॅमिड घडवत राहायला सांगितलं. ज्यांचे हात असे गुंतले होते, त्यांच्या मनात ती दृश्यं नंतर आपोआप उसळून येण्याचं प्रमाण कमी होतं. प्रयोगशाळेतली फिल्म म्हणजे घरात शिरलेला पूर नव्हे. तरीही हात आणि डोळे एकत्र राबले की आठवणीच्या चित्राला जागा अपुरी पडते, ही गोष्ट त्यातून स्पष्ट होते.

गिरिजा कैमल यांचा 2016 चा ड्रेक्सेल विद्यापीठातला अभ्यास या विषयावर सर्वांत जास्त सांगितला जातो. 39 प्रौढांनी 45 मिनिटं माती, कोलाज, रंगीत पेनं यांच्याशी मोकळेपणी काम केलं आणि त्यांच्यापैकी सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं. कलेचा सराव असलेले आणि नसलेले यांच्यात फरक पडला नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब. पण या अभ्यासात तुलनेसाठी नुसता बसून राहिलेला गट नव्हता, आणि कॉर्टिसॉल दिवस चढेल तसं एरवीही उतरत असतं. म्हणून एवढ्यावर फार मोठे दावे उभे करू नयेत, असं मला वाटतं.

मग यात श्रद्धेचा वाटा कोणता? यावरचा एक चांगला प्रयोग झाला तो थेट मराठी माणसांवर, पण महाराष्ट्रात नव्हे, तर मॉरिशसमध्ये. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून तिकडे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणून ओळखले जातात आणि देवळात नेमानं पूजा करतात. मार्टिन लांग, दिमित्रिस झिगालातास आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या मराठी स्त्रियांना नैसर्गिक आपत्तीशी सामना कसा करावा यावर भाषण तयार करायला सांगितलं. त्याची तज्ज्ञांकडून तपासणी होणार, असंही सांगितलं. यानं कोणाचीही धडधड वाढेल. त्यानंतर काही जणींनी देवळात जाऊन नेहमीची पूजा केली, तर इतर जणी तेवढाच वेळ शांत बसल्या. पूजा केलेल्या स्त्रियांना अस्वस्थता कमी जाणवली आणि त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरात अधिक चढउतार दिसला. हा चढउतार जास्त असणं हे शरीर ताणातून बाहेर येत असल्याचं चिन्ह मानलं जातं. संशोधकांच्या मते, ठरावीक क्रमानं पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीमुळे पुढच्या क्षणी काय होणार याचा अंदाज येतो आणि मन त्या अंदाजावर विसावतं. दिवा, उदबत्ती, ओवाळणं. माती मळणं, अंग जोडणं, डोळ्यांची आखणी. क्रम ठरलेला असण्याचा गुण दोन्हींत आहे.

विसर्जनाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. स्वतः घडवलेली वस्तू स्वतःच पाण्यात सोडायची, हे इतर कलाप्रकारांत सहसा सापडत नाही. मायकेल नॉर्टन आणि फ्रान्चेस्का जिनो यांनी 2014 मध्ये दाखवलं, की काही गमावल्यानंतर ठरवून केलेला छोटासा विधीसुद्धा दुःखाची धार कमी करतो, कारण ‘आपल्या हातात काहीतरी आहे’ ही भावना त्यातून परत येते. कोल्हापुरात नदी वाचवण्यासाठी लोक आता इराणी खणीकडे किंवा गल्लीत ठेवलेल्या काहिलीकडे जातात, कुणी मूर्तिदान करतात. सोडून देण्याची कृती तीच राहते. मोहरममध्ये इथल्या तालमींत ताबूत सजतात आणि त्यांचाही शेवट विसर्जनात होतो. 2018 ते 2020 ही तीन वर्षं गणेशोत्सव आणि मोहरम एकाच सुमारास आले होते. घडवायचं, मिरवायचं, मग सोडायचं, ही रीत या शहराच्या दोन्ही परंपरांना ठाऊक आहे.

सोडून देणं दरवेळी बरं करतंच असं मात्र नाही. आबालाल रहिमान हे कोल्हापूरचे थोर चित्रकार. त्यांच्या घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा होती. 1922 मध्ये शाहू महाराज गेल्यावर त्यांनी दुःखाच्या भरात आपली असंख्य चित्रं तळ्यात बुडवली, अशी आठवण इथं सांगितली जाते. ते विसर्जन एकट्याचं होतं. त्याला तिथी नव्हती, सोबत नव्हती, पुढच्या वर्षीचं आमंत्रण नव्हतं. मला हा फरक मोठा वाटतो.

आणि मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जगण्यावरून मन उडालं असेल, जीव देण्याचे विचार येत असतील, तर मूर्ती नि रांगोळी हा त्यावरचा इलाज नव्हे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. कला त्या उपचाराला सोबत करू शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. वर सांगितलेल्या कोणत्याही प्रयोगात हस्तकौशल्य आणि श्रद्धा यांची फारकत केलेली नाही. ती कोल्हापुरात करता येईल. श्रावणात ठिकठिकाणी शाडूच्या कार्यशाळा भरतात. शिवाजी विद्यापीठ आणि सीपीआर रुग्णालय यांनी मनावर घेतलं तर येणाऱ्यांचे, त्यांच्या संमतीनं आणि चिठ्ठ्या टाकून, तीन गट करता येतील: एक गट गणपती करेल, दुसरा तेवढ्याच मातीचं, तेवढ्याच खटपटीचं साधं भांडं, तिसरा तितका वेळ नुसता बसून राहील. मनगटावर ठोके मोजणारा पट्टा, आधी आणि नंतर एक प्रश्नावली, आणि महिन्यानं पुन्हा तीच प्रश्नावली. गणपती आणि भांडं करणाऱ्यांच्या आकड्यांत फरक निघाला तर तो श्रद्धेचा वाटा. नाही निघाला तर सगळं श्रेय मातीचं आणि हातांचं. दोन्ही उत्तरं पूरग्रस्त गावांत काम करणाऱ्यांच्या उपयोगाची आहेत, कारण पुढच्या पुरानंतर मदत छावणीत तांदूळ, चादरी यांच्यासोबत शाडूचं पोतं पाठवायचं की नाही, हे त्यावरून ठरवता येईल.